तीन थेंबांचा हिशोब : खेळातल्या मोटारींचे शॉकअप भरण्याचा नवा हुन्नर

उल्हासनगरचे नाव काढले की बाहेरगावच्या माणसाला बाजार आठवतो. कॅम्प नं. २ मधील फर्निचरची आणि कपड्यांची दुकाने, कॅम्प नं. ५ मधील जीन्सची शिलाई आणि जुन्या लोकांच्या तोंडी असलेला 'मेड इन यूएसए'चा विनोद. यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन! हुबेहूब नक्कल करण्यात या गावाचा हात कोणी धरू शकणार नाही, असे कौतुकाने आणि थोडे टोमण्यानेही म्हटले जाई. त्या विनोदात एक गोष्ट विसरली जाते. नक्कल करायची तर वस्तू आधी खोलावी लागते, तिचा पुर्जा न् पुर्जा समजून घ्यावा लागतो. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ उभारलेल्या लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर निर्वासित येऊन राहिले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. कॅम्पचे आकडे मात्र पत्त्यात तसेच राहिले, आणि हाताने काम करून पोट भरण्याची रीतही तशीच राहिली.

स्टेशनच्या बाजूचा कॅम्प नं. ३ हा कॉलेज, दवाखाने आणि महापालिकेच्या कचेरीमुळे सदा गजबजलेला. येथील एका गल्लीत आमच्या ओळखीचे दुचाकी दुरुस्तीचे दुकान आहे. मालकाला सगळे 'उस्ताद' म्हणतात. आम्हीही आमची स्कूटर अनेक वर्षे त्यांच्याकडेच नेतो. गेल्या खेपेस गेलो तेव्हा दुकानात एक वेगळेच दृश्य दिसले. काचेच्या फळीवर बोटाएवढ्या चार नळ्या ओळीने उभ्या होत्या. प्रत्येक नळीत काठोकाठ तेल भरलेले होते आणि उस्तादांचा भाचा त्यांच्याकडे एकटक पाहत बसला होता. हातात पाना नाही, पक्कड नाही.

"हे काय, काम बंद आहे का?" आम्ही विचारले.

"बंद नाही, चाचा. हेच काम चालले आहे," भाचा म्हणाला. "बुडबुडे वर येईपर्यंत हात लावायचा नाही."

ते चार शॉकअप होते, रेडिओवर चालणाऱ्या खेळातल्या मोटारीचे. हा प्रकार पुष्कळ वाचकांना नवा वाटेल. परंतु ज्यांच्या हाती दुचाकी दुरुस्तीचे कसब आहे, अशा होतकरू तरुणांना तो जोडधंदा म्हणून उपयोगी पडेल असे वाटल्यावरून त्याची माहिती येथे देत आहोत.

खेळणे आणि मोटार यांतला फरक

रिमोटवर चालणाऱ्या गाड्या दोन प्रकारच्या असतात. एक म्हणजे जत्रेत किंवा खेळण्यांच्या दुकानात मिळणारी. ती बिघडली की फेकायची. दुसरी छंद म्हणून बाळगली जाणारी. तिचा प्रत्येक भाग सुटा मिळतो, खोलता येतो, बदलता येतो. जपानच्या तामिया कंपनीने १९७६ मध्ये पोर्शे ९३४ या मोटारीची रेडिओवर चालणारी प्रतिकृती बाजारात आणली आणि या छंदाला जगभर जोर आला. पुढे १९८४ मध्ये अमेरिकेतील असोसिएटेड कंपनीची आरसी-१० ही गाडी आली. तिचा सांगाडा अॅल्युमिनियमचा होता आणि चारही चाकांना तेलाचे शॉकअप होते. १९८५ साली कॅलिफोर्नियात या आकाराच्या गाड्यांची जागतिक स्पर्धा झाली. तीत दोन चाकांना जोर असलेल्या गटात याच गाडीने बाजी मारली. तेव्हापासून खडबडीत जमिनीवर पळणारी गाडी म्हणजे तेलाचे शॉकअप हे समीकरण पक्के झाले. आज चीनमधून येणाऱ्या बऱ्याच मध्यम किमतीच्या गाड्यांनाही असेच शॉकअप असतात.

शॉकअपचे काम मोठ्या मोटारीत जे, तेच येथे. स्प्रिंग धक्का झेलते, पण तिच्यावर सोडले तर गाडी चेंडूसारखी उड्या मारीत राहील. त्या स्प्रिंगला लगाम घालण्याचे काम तेल करते. नळीच्या आत रॉडच्या टोकाला एक छोटा पिस्टन असतो. त्याला बारीक भोके असतात. रॉड आत-बाहेर होताना तेलाला त्या भोकांतून वाट काढावी लागते. ती सहज मिळत नाही, म्हणून गाडीची उसळी शांत होते. भोके बारीक किंवा तेल दाट असेल तर लगाम घट्ट. भोके मोठी किंवा तेल पातळ असेल तर लगाम ढिला.

आता त्या तेलात हवेचा एक बुडबुडा राहिला असे समजा. पिस्टन त्या बुडबुड्यापाशी आला की हवा भोकांतून सुर्रकन निघून जाते. लगाम तेवढ्यापुरता सुटतो. चार शॉकअपपैकी एकात असे झाले, तर उडी मारून जमिनीवर आलेली गाडी त्या बाजूला झुकते आणि उलटते. बाहेरून पाहणाऱ्याला चारही नळ्या सारख्याच चकचकीत दिसतात.

दोन वेळा परत आलेली गाडी

हे काम दुकानात कसे आले ते उस्तादांनी स्वतः सांगितले. कॅम्पातीलच एक शेठ आपल्या मुलाची गाडी घेऊन आले. मागचे शॉकअप गळत होते. "मोटारसायकलचा फोर्क भरता, मग एवढेसे काम जमणार नाही का?" असे ते म्हणाले. उस्तादांनाही ते खरे वाटले. दुकानात फोर्कचे तेल होतेच. त्यांनी नळ्या धुतल्या, तेल भरले, झाकणे आवळली आणि गाडी दिली.

आठ दिवसांत गाडी परत आली. रॉड अडकत होते. रबराच्या रिंगा फुगून जाड झाल्या होत्या. शिवाय तेल इतके पातळ की लगाम नावालाच. उस्तादांनी पैसे परत केले आणि मुंबईहून या शॉकअपसाठीच बनवलेले सिलिकॉन तेल मागवले. दुसऱ्या खेपेस त्यांनी जास्त काळजी घेतली. फोर्कच्या दोन्ही पायांत जसे मोजून सारखे तेल घालतात, तसे त्यांनी इंजेक्शनच्या सिरिंजने प्रत्येक नळीत अगदी सारखे तेल घातले आणि लगेच झाकण लावले. तीन दिवसांनी गाडी पुन्हा दारात! आता ती डाव्या अंगाला बसत होती.

"तीस वर्षे फोर्क भरतो आहे," उस्ताद आम्हाला म्हणाले, "पण फोर्कनेच मला चकवले."

त्यांचे म्हणणे समजून घेण्यासारखे आहे. मोटारसायकलच्या साध्या फोर्कमध्ये तेलाच्या वर हवेसाठी जागा ठेवलेलीच असते. तेल मोजून बरोबर घातले, हँडल दाबून चार वेळा खाली-वर केले, की अडकलेली हवा आपोआप वर त्या जागेत जाते. तेथे मापाला महत्त्व. या छोट्या नळीत हवेला स्वतंत्र खोली नसते. पिस्टनच्या खाली दोन बुडबुडे अडकले, तर मोजून घातलेले तेलही खोटे ठरते. सिरिंजमध्ये माप सारखे होते, नळीत नव्हते.

शेठजींनी तिसऱ्यांदा गाडी दिली ती केवळ जुन्या ओळखीमुळे. हे काम आता भाच्याने हाती घेतले. मोटर मेकॅनिकचा आयटीआयचा कोर्स केलेला हा मुलगा. पासपोर्ट काढून आखाती देशात जाण्याच्या तयारीत होता. नव्या दुचाक्या वॉरंटीच्या काळात कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडे जातात, गल्लीतल्या दुकानाकडे जुन्या गाड्याच उरतात. "मामू, इथे दोघांचे भागायचे नाही," असे तो म्हणत असे. गाडी तिसऱ्यांदा परत आली असती, तर हा विषय तेथेच संपला असता.

तीन थेंबांची जागा

भाच्याने आम्हाला एक साधा हिशोब करून दाखवला. सगळ्या कामाची किल्ली त्यात आहे. नळी तेलाने काठोकाठ भरून झाकण लावले असे समजा. आता रॉड आत ढकलला. रॉडलाही जाडी आहे, तो आत जाताना जागा व्यापतो. रॉड ३ मिलिमीटर जाडीचा असेल आणि २० मिलिमीटर आत गेला, तर तो सुमारे ०.१४ मिलिलिटर जागा घेतो. पाण्याचे तीन थेंब म्हणा ना! पण तेल दाबले जात नाही. मग या तीन थेंबांनी जायचे कोठे? जागा मिळाली नाही तर रॉड आत जाणारच नाही, किंवा जोर लावला तर तेल रिंगेतून बाहेर येईल.

ही जागा देण्याच्या दोन रीती आहेत, आणि शॉकअप हाती आला की तो कोणत्या रीतीचा हे आधी पाहावे.

पहिली रीत रबरी पडद्याची. झाकणाखाली वाटीसारखा पातळ रबरी पडदा असतो. रॉड आत आला की पडदा वर दबतो आणि तीन थेंबांना जागा देतो. या प्रकारात तेलाकडच्या बाजूला हवा अजिबात राहू द्यायची नाही.

दुसरी रीत मिश्रणाची. यात पडदा नसतो. थोडी हवा जाणूनबुजून आत ठेवतात. गाडी पळू लागली की हवा आणि तेल घुसळून फेसासारखे एकजीव होतात. अशा शॉकअपच्या झाकणाला बहुधा एक बारीक स्क्रू असतो. जास्तीचे तेल आणि हवा काढण्यासाठी तो ठेवलेला असतो.

स्वस्त खेळण्यांतील नळीत पुष्कळदा नुसती स्प्रिंग असते, तेल नसतेच. तशी गाडी आली तर गिऱ्हाइकाला तसे स्पष्ट सांगावे. तेथे तेल भरण्याचे पैसे घेणे योग्य नाही.

भरण्याची रीत

आम्ही समोर बसून जे पाहिले ते क्रमाने देत आहोत.

प्रथम शॉकअप गाडीवरून उतरवावा. स्प्रिंग दाबून खालची वाटी काढली की स्प्रिंग सुटते. झाकण उघडून जुने तेल ओतून टाकावे. तेल काळे असेल तर आत घाण गेली आहे असे समजावे. नळी, पिस्टन आणि झाकण स्वच्छ पुसून घ्यावे.

रॉडवरून नख फिरवून पाहावे. ओरखडा लागला तर रॉड बदलावा. नाहीतर नवी रिंगही दोन दिवसांत कापली जाते. याच कारणाने रॉड उघड्या पकडीत कधीही धरू नये, मध्ये जाड कापड किंवा रबर घ्यावे. नव्या रिंगांतून रॉड घालताना त्याच्या आट्यांवर तेलाचा थेंब सोडावा. कोरड्या आट्या रिंगेला चिरतात, आणि गळतीचे मूळ पुष्कळदा येथेच असते.

आता रॉड पूर्ण खाली ओढून नळी उभी धरावी. पाऊण नळी तेल हळूहळू, कडेने सोडावे. उंचावरून धार सोडली की तेल बुडबुडे घेऊनच आत जाते. मग रॉड सावकाश वर-खाली करावा. पिस्टन तेलाच्या बाहेर येऊ देऊ नये, नाहीतर तो नवी हवा खाली घेऊन जातो. पिस्टनच्या भोकांतून बारीक बुडबुडे मोत्यासारखे वर येताना दिसतील. ते थांबेपर्यंत हेच करावे. नंतर रॉड पुन्हा पूर्ण खाली ओढून तेल काठापर्यंत आणावे आणि नळी उभी ठेवून द्यावी.

येथेच कारागिराची परीक्षा असते. तेल दाट, बुडबुडे बारीक. ते चढायला वेळ घेतात. दहा-पंधरा मिनिटे तरी नळीला हात लावू नये, तेल जास्त दाट असेल तर त्याहून अधिक वेळ द्यावा. काही शौकीन यासाठी हवा खेचणारा छोटा पंप वापरतात. त्याने काम लवकर होते, पण सुरुवात करणाऱ्याला त्याची गरज नाही.

बुडबुडे थांबल्यावर, पडद्याचा शॉकअप असेल तर पडदा एका कडेकडून तिरपा टेकवत बसवावा, म्हणजे खाली हवा कोंडली जात नाही. झाकण दोन-तीन आटे सैल लावावे. मग रॉड हळूहळू आत ढकलावा. जास्तीचे तेल झाकणाच्या कडेने बाहेर येते. ते येऊ द्यावे आणि रॉड आत असतानाच झाकण आवळावे. मिश्रणाच्या प्रकारात झाकण आधी आवळून वरचा बारीक स्क्रू काढावा, रॉड सावकाश आत ढकलून जास्तीचे तेल त्या भोकातून जाऊ द्यावे आणि मग स्क्रू लावावा. झाकण हाताच्या बेताने आवळावे. पान्याचा जोर लावला की प्लास्टिकचे आटे जातात.

आम्हालाही हुरूप आला आणि एक नळी आम्ही स्वतः भरली. पाच मिनिटांतच झाकण लावून मोकळे झालो. भाच्याने ती कानाशी धरून रॉड दाबला आणि नळी आमच्या कानाशी आणली. आतून चुबुक चुबुक असा आवाज आला.

"हवा," तो एवढेच म्हणाला, आणि झाकण उघडून त्याने ती पुन्हा फळीवर उभी केली.

जोडी जुळली तरच काम झाले

एकेक शॉकअप चांगला भरला म्हणजे काम संपले असे नाही. डावा आणि उजवा सारखा हवा. त्याची परीक्षा फार सोपी आहे. स्प्रिंगा न लावता दोन्ही शॉकअप समोरासमोर धरावेत, रॉडची टोके एकमेकांना टेकवावीत आणि दोन्ही हातांनी सारखे दाबावे. दोन्ही रॉड सारखेच आत गेले तर जोडी जुळली. एक भराभर आत गेला आणि दुसरा अडून राहिला, तर दोघांत फरक आहे.

मग रॉड पूर्ण आत दाबून सोडावा आणि तो आपोआप किती बाहेर येतो हे पाहावे. तेल जास्त राहिले असेल तर रॉड जोराने बाहेर येईल किंवा पूर्ण आत जाणारच नाही. तेल कमी असेल तर सुरुवातीला पोकळ लागेल आणि आवाज येईल. गाडीच्या मालकाला रॉड थोडा परतणारा हवा की न परतणारा, हा ज्याच्या त्याच्या पसंतीचा भाग आहे. परंतु डावीकडे जेवढे, तेवढेच उजवीकडे पाहिजे. मिश्रणाच्या शॉकअपची परीक्षा घेण्यापूर्वी रॉड पंधरा-वीस वेळा आत-बाहेर करून घ्यावा. उभे राहिल्यावर त्यातील हवा आणि तेल वेगळे होतात, आणि त्या स्थितीत केलेली परीक्षा फसवी ठरते.

बाटलीवरचा आकडा

तेल घेताना नवख्यांची फार फसगत होते. बाटलीवर ३०, ३५, ४० असे वजनाचे आकडे असतात. मोटारसायकलच्या फोर्क तेलावरही १० किंवा २० असे आकडे असतात. हे आकडे एकाच मापाचे नाहीत. छंदाच्या गाडीचे ३० नंबरचे तेल फोर्कच्या तेलापेक्षा कितीतरी दाट असते. एवढेच नव्हे, तर एका कंपनीचे ३० आणि दुसऱ्या कंपनीचे ३० यांतही फरक पडतो. म्हणून बाटलीवर सेंटिस्टोक म्हणजे सीएसटी हे माप शोधावे. साध्या तापमानाला पाण्याचे माप सुमारे १ असते. असोसिएटेड कंपनीच्या तेलात ३० नंबर म्हणजे ३५० सेंटिस्टोक आणि ४० नंबर म्हणजे ५००. एकास दहा आकाराच्या खडबडीत जमिनीवरील गाडीला साधारणतः ३०० ते ४५० च्या दरम्यानच्या तेलाने सुरुवात करावी आणि गाडी पळवून पाहून पुढे कमी-जास्त करावे.

सिलिकॉन तेलाचा फायदा असा की उन्हाने ते खनिज तेलाइतके पातळ होत नाही. तरी थोडे होतेच. आमच्याकडील एप्रिल-मे महिन्यांत तापलेल्या मैदानावर गाडी ढिली वाटली, तर एक पायरी दाट तेल घालावे. पावसाळ्यात चिखल आणि पाणी रॉडबरोबर आत जाते, म्हणून त्या दिवसांत तेल लवकर बदलावे लागते. आणि इंजिनाचे, ब्रेकचे, शिवणयंत्राचे असे कोणतेही हाताला लागेल ते तेल घालू नये. उस्तादांच्या फुगलेल्या रिंगा आठवाव्यात.

धंदा म्हणून विचार

आता व्यापाराच्या दृष्टीने पाहू. भांडवल फार लागत नाही. दोन-तीन दाटपणाची तेले, निरनिराळ्या मापांच्या रिंगा, बारीक स्क्रू ड्रायव्हर आणि षटकोनी पाने, एक-दोन सिरिंजा, नळ्या उभ्या ठेवायला भोके पाडलेली लाकडी पट्टी आणि स्वच्छ कापड. एकास दहा आकाराच्या गाडीच्या चारही शॉकअपना मिळून साधारण १५ ते २५ मिलिलिटर तेल लागते. साठेक मिलिलिटरच्या एका बाटलीत दोन ते चार गाड्या होतात. म्हणजे मालाचा खर्च थोडा, मजुरी वेळेची.

आणि येथेच पुष्कळ कारागीर चूक करतात. वस्तू लहान म्हणून मजुरीही पंक्चरच्या दराने लावतात. चार शॉकअप उतरवणे, धुणे, भरणे, जोडी जुळवणे आणि परत बसवणे यात नवशिक्याचे दोन तास सहज जातात, सराव झालेल्याचा एक तास तरी जातो. आपल्या दुकानात एका तासाच्या कामाचे जे पडते, तेच येथे लावावे आणि तेल-रिंगांचे वेगळे सांगावे. बुडबुडे चढत असताना दुसऱ्या गाडीची चेन कसता येते, ही सवलत मात्र आहे. उस्तादांच्या दुकानात आता तसेच चालते. नळ्या फळीवर उभ्या राहतात आणि भाचा स्कूटरच्या ब्रेकला हात घालतो.

गिऱ्हाईक मिळण्याचे एक कारण सरकारी धोरणातही आहे. परदेशातून येणाऱ्या खेळण्यांवरील मूळ आयात शुल्क २०२० च्या अर्थसंकल्पात २० टक्क्यांवरून ६० टक्के करण्यात आले आणि २०२३ मध्ये ते ७० टक्क्यांवर गेले. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानक ब्युरोची मोहोरही आवश्यक झाली. देशी कारखानदारांना यामुळे आधार मिळावा असा हेतू होता. त्याचा दुसरा परिणाम असा की ज्याच्या घरी बाहेरून आलेली महागडी गाडी आहे, तो ती सहसा टाकून देत नाही. तो दुरुस्त करणारा शोधतो.

तरीही वाचकांनी हवेत मनोरे बांधू नयेत. या कामावर वेगळे दुकान काढावे असे आम्ही सुचवणार नाही. उस्तादांकडे आठवड्याला तीन-चार गाड्या येतात, शाळांच्या सुट्टीत थोड्या जास्त. ज्याचे दुचाकीचे काम आहे, त्याने एक फळी यासाठी राखावी एवढेच. पण या फळीवर जी शिस्त लागते ती मोठ्या गाडीच्या कामातही उतरते, असे उस्ताद म्हणतात. पूर्वी ते फोर्क भरून लगेच चाक चढवीत. आता चार मिनिटे थांबून दोन्ही पायांतील तेलाची पातळी पुन्हा पाहतात. आणि विजेवर चालणारी स्कूटर आली, तिला कार्बुरेटर नाही, इंजिन ऑइल नाही. शॉकअप मात्र तिलाही आहेत.

तिसऱ्या वेळी शेठजींची गाडी भाच्याने दोन दिवस ठेवून घेतली. पहिल्या दिवशी चारही नळ्या भरल्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडून पाहिल्या. एकीत रात्रीतून एक बुडबुडा वर येऊन बसला होता. तो काढून, जोडी जुळवून त्याने गाडी दिली आणि पैसे घेतले नाहीत. "आधीच्या दोन वेळचे हे काम आहे," असे त्याने शेठजींना सांगितले. गाडी परत आली नाही. महिन्याभराने शेठजींचा मुलगा आपल्या दोन मित्रांना घेऊन आला. त्या दोघांच्या हातांतही गाड्या होत्या.

पासपोर्टचे काय झाले, असे आम्ही निघताना विचारले. भाचा हसला. "ड्रॉवरमध्ये आहे, चाचा. अजून काही ठरवले नाही." तोवर फळीवरच्या नळ्यांतले बुडबुडे थांबले होते. त्याने हात पुसले, पहिल्या नळीवर रबरी पडदा तिरपा टेकवला आणि आमच्याशी बोलणे बंद केले.